पाव किलो सुकट आणि अकरा ढिगुल्या

मीठभाकर · रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, विषय समुद्राचा आहे आणि मी नागपूरची. आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

काल बाजारातून पाव किलो सुकट आणली. म्हणजे वाळवलेला जवळा. आमच्या सासूबाई झाडीपट्टीतल्या, त्या त्याला सरसकट झिंगेच म्हणतात. सुकट निवडायचं काम आमच्याकडे लेकीचं. नववीत आहे, नाक मुरडत करते, पण करते. गॅलरीत पेपर पसरून बसली आणि एरवी जे निवडून फेकायचं, ते या वेळी तिनं वेगवेगळं मांडायला घेतलं. शाळेत जैवविविधतेवर प्रकल्प द्यायचाय, त्याचं खूळ.

तासाभरानं हाक आली. पेपरवर जवळ्याचा मोठा ढीग आणि त्याच्या कडेनं अकरा ढिगुल्या. काडीएवढ्या मांदेल्या. बोंबलाची पिल्लं (आ वासलेल्या तोंडावरून ओळखली). ढोमीसारखं काहीतरी. फितीसारखी वाकटी. डोक्यावर करवतीसारखा काटा असलेली खरी कोळंबी. तुरीच्या दाण्याएवढा खेकडा, आठही पाय आणि दोन्ही नांग्या शाबूत! माकुलाचं एवढंसं पिल्लू. एक शंख. दोन तऱ्हेचे मासे जे आम्हाला ओळखता आले नाहीत. आणि एक विचित्र प्राणी, पुढचे पाय प्रार्थना करणाऱ्या टोळासारखे दुमडलेले.

मग तिचा प्रश्न: "आई, हे सगळं आपण फेकूनच देतो. समुद्रात हे नसतेच, नुसता जवळाच असता, तर काय बिघडलं असतं?"

मी वाणिज्य शाखेची. "देवानं केलंय ते काही उगाच नाही" असं उत्तर दिलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की धागा काढावा लागला. सांगा.

तर्री_पोहे · रविवार, ११:४१

राजेहो, झिरो माईलवर बसून समुद्राचा धागा! उन्हानं टाळू तापली का काय बाप्पा? आपला समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. संध्याकाळी कणीस खा, लाटा मोजा, घरी या.

बाकी पोट्टीचा प्रश्न लय भारी आहे. मले त वाटते काहीच बिघडलं नसतं, सुकट निवडायचा तरास वाचला असता.

खाजणकाठ · रविवार, दुपारी १:०५

मीठभाकर ताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक ओला बोंबील बक्षीस. मी मूळची उरणकडची, लग्नानंतर पनवेलला.

तो दुमडलेल्या पायांचा प्राणी म्हणजे मँटिस श्रिंप. नुसती कोळंबी समजून ताजा हातात घेतला तर बोट फाडतो. आणि ही सगळी भेसळ नाही हो, डोल जाळ्याचा स्वभाव आहे. डोल म्हणजे खांबांना किंवा नांगराला बांधलेलं मोठ्या पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीनं पाणी त्यातून वाहत राहतं आणि जे येईल ते शेवटच्या बारीक खोळीत साचतं. जाळं निवड करत नाही. ती निवड तुमच्या गॅलरीत झाली.

प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच पेपरवर आहे. बोंबील जवळा खातो, भरपूर खातो. म्हणजे तुमच्याकडे खाणारा आणि खाद्य दोन्ही एकाच पाव किलोत आले. वाकटीही जवळा आणि बारीक मासळी सोडत नाही. जवळा काय खातो? पाण्यातलं सूक्ष्म आणि तळाशी कुजून बारीक झालेलं. ते कुजलेलं येतं कुठून, तर बरंचसं खाडीतल्या तिवरांच्या आणि कांदळांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, पानांतून.

लहानपणी आजीबरोबर खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, चिंबोऱ्या (खेकडे) धरायला जायचे. ओहोटीला चिखलात हलायचं नाही, गप्प बसायचं. पाच मिनिटांनी आख्खा चिखल जागा होतो. निवट्या उड्या मारायला लागतात, लाल नांगीचे बारके खेकडे बिळाच्या तोंडाशी येतात. एकदा एका खेकड्याला तिवराचं पिवळं पान ओढून नेताना पाहिलं. पान बिळात आडवं अडकलं. त्यानं ते बाहेर काढलं, देठाकडून धरलं आणि उभं आत नेलं. आजी म्हणाली, "त्याची बेगमी हाय ती." मला तेव्हा वाटलं खेकडा खाऊ नेतोय. ते पान भरतीबरोबर वाहून न जाता तिथंच चिखलात राहतं आणि झाडालाच खत होतं, हे पुढे कळलं.

गाळसाहेब · रविवार, दुपारी ३:३०

उत्तम धागा. निवृत्त आहे, तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तेही नागपुरात, त्यामुळे समुद्र बरणीतला जास्त आणि डोळ्यांनी कमी पाहिला. (आपल्या राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच आहे, तेव्हा तर्रीपोहे, समुद्रावर आपला हक्क सरकारमान्य आहे.)

खाजणकाठ यांनी सांगितलेल्या खेकड्यावर ऑस्ट्रेलियात प्रयोग झालाय. १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. खारफुटीच्या काही तुकड्यांतून बिळं करणारे खेकडे काढून टाकले, शेजारच्या तुकड्यांत राहू दिले. खेकडे नसलेल्या चिखलात सल्फाइड आणि अमोनियम वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. कारण साधं आहे. खारफुटीचा चिखल म्हणजे गच्च, हवा नसलेली जमीन. तिवराची मुळं म्हणूनच पेन्सिली रोवल्यासारखी वर डोकं काढून श्वास घेतात. खेकड्याचं बीळ म्हणजे त्या जमिनीत खोलवर गेलेली हवेची आणि पाण्याची नळी. आपल्या भाषेत सांगायचं तर खेकडा हा चिखलातला डवरा (कोळपं). पिकात डवरणी केली नाही तर काय होतं ते इथल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको.

तेव्हा "खेकडा नसता तर" याचं उत्तर: झाड खुरटलं असतं, पान कमी पडलं असतं, आणि ते फिरून जवळ्यापर्यंत आलं असतं.

दुसरं उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं, तरी सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला खडकाळ किनारा. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६३ पासून एका पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. दुसरं काही केलं नाही. तारामासा तिथले शिंपले खायचा. तो गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि पंधरा जातींच्या आठ उरल्या. १९६६ चा तो निबंध. तिथून पुढे "कळीची प्रजाती" ही कल्पना रुजली.

शून्य_मैल · रविवार, सायं. ५:१२

गाळसाहेब, आदर ठेवून एक शंका. खेकडा काढला, बिघडलं. तारामासा काढला, बिघडलं. ही दोन्ही उदाहरणं "एका विशिष्ट प्राण्याचं काम महत्त्वाचं" असं सांगतात. "अनेक प्रकार असणं महत्त्वाचं" हे यातून सिद्ध होत नाही. खेकडा ठेवा, तारामासा ठेवा, बाकीचे पाच-पन्नास गेले तर?

आणि अजून एक. समजा प्रयोगात दाखवलं की जास्त जाती असलेल्या तुकड्यात उत्पादन जास्त. त्यात एक चलाखी असू शकते. दहा जण निवडले तर त्यात एखादा तगडा असण्याची शक्यता एक जण निवडण्यापेक्षा जास्तच. मग श्रेय दहा जणांचं की त्या एकट्याचं? मी अभियंता आहे, मला आकडा पटतो, भक्ती पटत नाही.

तर्री_पोहे · रविवार, ५:२०

झालं. आले अभियंते. आता सुकटीचा नकाशा पास करून आणा मनपातून.

गाळसाहेब · रविवार, रात्री ९:०५

शून्य मैल, शंका रास्त आहे आणि तुमच्या आधी १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर एकमेकांची डोकी फोडली आहेत. २००१ मध्ये लोरो आणि हेक्टर या दोघांनी गणित मांडून दोन परिणाम वेगळे काढले: एक, तगडा गडी निवडला गेल्याचा, दुसरा, वेगवेगळ्या गड्यांनी काम वाटून घेतल्याचा. बऱ्याच प्रयोगांत दोन्ही निघतात. समुद्रकाठच्या प्रयोगांत कित्येकदा एकटा तगडा गडी मिश्र गटाच्या बरोबरीनं काम करतो, हेही खरं. त्यामुळे "जितक्या जाती जास्त तितकं सगळं उत्तम" असं सरधोपट विधान मी करणार नाही.

पण मला ज्यानं गप्प केलं तो प्रयोग वेगळाच आहे. त्यात जात एकच. समुद्रगवत, झोस्टेरा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ह्यूज आणि स्टाकोविझ यांनी काही वाफ्यांत या गवताचं एकच वाण लावलं, काहींत दोन, चार, आठ वाणं मिसळून लावली. सगळं एकाच जातीचं, फक्त जनुकीय फरक. काही महिने कुठल्याच वाफ्यात फरक दिसेना. प्रयोग फसला म्हणायची वेळ. मग हिवाळ्यात रानहंसांचे थवे उतरले आणि त्यांनी गवत खाऊन टाकलं. त्यानंतर मिश्र वाफ्यांत गवत जास्त टिकलं आणि ते लवकर सावरले. हा निबंध २००४ चा. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली, तेव्हा बाल्टिक समुद्रात असाच वाफ्यांचा प्रयोग चालू होता. तिथंही मिश्र वाणांच्या वाफ्यांत गवत जास्त भरलं आणि त्यात राहणारे बारीक जीवही जास्त निघाले.

सुखाच्या दिवसांत फरक दिसलाच नाही, हे माझ्या मते त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

तुरीचं_तास · रविवार, रात्री १०:४८

गाळसाहेब, हे त आमच्या वावरातलंच झालं की. सावनेर तालुक्यात आमची कोरडवाहू आहे. बाबा कपाशीच्या आठ ओळींमागं एक तास (म्हणजे ओळ) तुरीचं टाकायचे, मध्ये कुठं ज्वारी, बांधाला अंबाडी. मी शिकून आलो आणि हिशोब केला. पाऊस नीट झाला त निव्वळ कपाशीच जास्त पैसा देते. बाबांना म्हटलं, हे तुरीचं लोढणं काहून? त्यांनी वाद घातला नाही, म्हणाले तुझं वावर तू पाय.

दोन वर्षं माझं बरोबर निघालं. मग २०१७ आलं, गुलाबी बोंडअळीचं. साऱ्या विदर्भाले माहीत आहे काय झालं ते. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत काळं. हातात बोंड घेऊन उभा होतो आणि बाजूच्या चुलत्याच्या वावरात तूर फुलावर होती. त्यालेही कपाशीत मार बसला, पण मुलीच्या फीपुरते पैसे तुरीनं दिले.

तेव्हा शून्य मैल भाऊ, तुमचं गणित चांगल्या वर्षाचं आहे. माझंही तेच होतं.

शून्य_मैल · रविवार, रात्री ११:१५

हे पटलं. म्हणजे मोजायचं तर सरासरी उत्पादन नव्हे, चढ-उतार मोजायचा. आणि एक कडक मुद्दा: विमा तेव्हाच, जेव्हा दुसरा गडी त्याच कारणानं मरत नाही. बोंडअळी तूर खात नाही म्हणून तूर वाचली. दोन्ही कपाशीचीच वाणं असती तर?

समुद्रात याचं खरंखुरं उदाहरण आहे का? वाफ्यातलं नको, मोठं.

गाळसाहेब · सोमवार, सकाळी ७:३०

आहे, आणि दुःखद आहे. जमैका.

प्रवाळाच्या खडकावर शेवाळ सतत वाढत असतं. ते कुणीतरी चरून काढलं नाही तर प्रवाळ गुदमरतं. जमैकात हे काम मुख्यतः पोपटमासे आणि त्यांचे भाऊबंद करायचे. माणसांनी ते मासे जवळपास संपवले. गंमत म्हणजे, पुढची कैक वर्षं काही बिघडलं नाही. कारण चरण्याचं काम डायाडेमा नावाच्या लांब काळ्या काट्यांच्या सागरी साळूनं उचललं. मासे नसल्यानं तिला खायला भरपूर, तिची संख्या वाढली. बाहेरून पाहणाऱ्याला खडक ठणठणीत. १९८० मध्ये मोठं चक्रीवादळ आलं, खडक मोडला, आणि तरी प्रवाळ पुन्हा धरू लागलं होतं.

१९८३ मध्ये साळूंमध्ये रोग आला. कॅरिबियनभर वर्षभरात नव्वद टक्क्यांहून अधिक साळू मेल्या. आता चरायला तिसरं कुणी नव्हतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी पन्नास टक्क्यांहून अधिक असलेलं प्रवाळाचं आच्छादन पुढच्या पंधरा-एक वर्षांत पाच टक्क्यांच्या खाली गेलं. त्याजागी शेवाळाची गादी.

काम एकाच्याच खांद्यावर आलंय, हे तो खांदा पडेपर्यंत कळलं नाही.

मीठभाकर · सोमवार, दुपारी १:४०

ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत वाचतेय. जमैकाचं वाचून घास अडकला. आमच्या विभागात नेमकं हेच झालंय: तिघांचं काम एकीवर, आणि साहेबांना वाटतं सगळं सुरळीत.

लेकीला रात्री डवरा आणि साळू दोन्ही सांगते. पण तिचा पुढचा प्रश्न मला आत्ताच माहीत आहे: "आपल्याला काय त्याचं? समुद्र कुठे, नागपूर कुठे."

सिरोंचा_एक्स्प्रेस · सोमवार, रात्री ८:२२

याचं उत्तर मी देतो. गडचिरोली जिल्ह्यात नोकरीची सहा वर्षं काढली, नदी पाहत.

लेकीला नकाशा काढायला सांगा. नाग नदी शहरातून निघते (तिच्यातून काय काय जातं ते नागपूरकरांना सांगायला नको). ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एक होतात, तिथून तिचं नाव प्राणहिता. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीत शिरते. मग राजमहेंद्री, धवळेश्वरमचा बंधारा, नदीच्या शाखा, आणि काकिनाड्याच्या खाली कोरिंगाची खारफुटी. १९७८ पासून अभयारण्य आहे, २३५ चौरस किलोमीटरचं. पाणमांजरं आहेत, मासे धरणारी रानमांजर आहे. म्हणजे आपला समुद्र मुंबईचा नाहीच, बंगालच्या उपसागराचा. पाठ पश्चिमेकडे करून उभं राहायला पाहिजे, आपण उगाच चौपाटीकडे पाहत बसतो.

आता त्या खारफुटीला दोन गोष्टी लागतात: गोडं पाणी आणि गाळ. दोन्ही वरून, आपल्याकडून येतात. धरणं झाली तसा गाळ त्यांच्या पोटात राहू लागला आणि त्रिभुज प्रदेशाकडे जाणारा गाळ खूप घटला. गाळ नाही तर किनारा खचतो. दुसरीकडे सांडपाण्यातलं नत्र मात्र खाली जायचं थांबत नाही.

पावसाळ्यात तिथं समुद्रातून पुलसा मासा गोदावरीत वर चढतो, म्हणजेच हिलसा. तिकडे म्हण आहे, मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा. बंधाऱ्यापाशी त्याची वाट संपते.

गाळसाहेब · सोमवार, रात्री ९:१०

सिरोंचा, फार छान. नत्राच्या मुद्द्याला एक शेपूट जोडतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपैकी डायटमना काचेसारखं कवच बनवायला सिलिका लागते आणि ती नदी आणते. धरणात सिलिका अडली आणि नत्र तसंच वाहत राहिलं, तर डायटम मागे पडतात आणि सिलिका न लागणारे, कधी कधी विषारी असे दुसरे प्रकार माजतात. डॅन्यूब नदीवर १९७० च्या दशकात मोठं धरण झाल्यावर काळ्या समुद्रात असा बदल नोंदवला गेला. पाणी वरून हिरवंच दिसतं. पण ते हिरवं कुणाचं, यावर वरचं सगळं दुकान अवलंबून.

तर्री_पोहे · सोमवार, रात्री ९:३३

म्हणजे अंबाझरीतली जलपर्णीही हिरवीच आहे, तसं?

गाळसाहेब · सोमवार, रात्री ९:४०

तंतोतंत. तलावात एक जात वाढली आणि बाकीच्यांचा उजेड गेला. यादीत भर पडली म्हणून विविधता वाढली, असं होत नाही.

सिरोंचा_एक्स्प्रेस · सोमवार, रात्री ९:५८

अवांतर: याच्या उलटंही झालंय आणि आपल्याच मुलखात. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरमचं झुडूप उपटून काढलं, तलावाचा तळ नांगरून त्यात देशी पाणवनस्पती हातानं लावल्या. माशांना अंडी घालायला आडोसा झाला, देशी मासा परतू लागला. समुद्र नाही, पण खारफुटीची रोपं लावणाऱ्यांनी येऊन पाहावं असं काम.

खाजणकाठ · मंगळवार, सकाळी ६:५०

रोपं लावण्यावरून आठवलं आणि राग आला, म्हणून सकाळी सकाळी लिहितेय.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे लोक आमच्या गावाकडे कांदळाची रोपं लावायला आले. बस भरून. एकसारखे टी-शर्ट, टोप्या. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या सपाटीवर ओळीनं रोपं खोचली, दोरी धरून, अगदी सरळ. फोटो काढले. ज्या जागी लावली तिथं आधी खारफुटी का नव्हती, हे कुणी विचारलं नाही. माझा चुलतभाऊ म्हणाला, "इथं तिसऱ्या काढतात बायका, रोपं नका लावू." (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या.) ऐकलं नाही. उधाणाच्या दोन भरत्या झाल्या आणि निम्म्याच्या वर रोपं आडवी. पावसाळ्यानंतर काठ्याच उरल्या. पायाखाली तुडवून तिसऱ्यांची जागा गेली ती वेगळीच.

फिलिपिन्समध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झालंय. वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या कांदळाची लाखो रोपं चुकीच्या जागी लावली आणि दहा-वीस टक्केच जगली. खारफुटीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पाण्याच्या तोंडाशी चिप्पी आणि तिवर, खाडीच्या कडेला कमानीसारख्या मुळांचा कांदळ, वर कोरड्याकडे मारांडी आणि बाकीची झुडपं. पेन्सिलीसारखी मुळं गाळ धरतात, कमानी लाटेची ताकद मोडतात, मधल्या पोकळीत जिताड्याची, कोळंबीची पिल्लं लपतात. एकाच झाडाची शंभर रोपं लावून हे सगळं येत नाही. (२०२० मध्ये राज्यानं पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. चांगली गोष्ट. पण आता सगळे चिप्पीच लावत सुटतील अशी मला भीती.)

शून्य_मैल · मंगळवार, सकाळी १०:०५

लाटेच्या मुद्द्यावर थोडं सावध. २००४ च्या सुनामीनंतर "खारफुटीनं गावं वाचवली" असे निबंध आले, आणि त्यांना उत्तरं देणारेही आले, की उंचीवरची, किनाऱ्यापासून लांबची गावं तशीही वाचली असती. मला जास्त भरवशाचा वाटतो तो ओडिशाच्या १९९९ च्या महाचक्रीवादळाचा अभ्यास, २००९ चा. केंद्रपाडा जिल्ह्यातली गावं घेतली. ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद, तिथं मृत्यू लक्षणीय कमी. पण त्याच लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलंय की वेळेवर दिलेल्या इशाऱ्यानं खारफुटीपेक्षा जास्त जीव वाचवले. दोन्ही वाक्यं बरोबर न्यावीत. पहिलंच वाक्य पोस्टरवर जातं.

आणि कृपा करून "२०४८ मध्ये समुद्रातले मासे संपणार" हे लेकीच्या प्रकल्पात घालू नका. मला दर वर्षी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं.

मीठभाकर · मंगळवार, दुपारी १:३२

अरे देवा. ते तिनं ऑलरेडी लाल स्केचपेननं लिहिलंय.

गाळसाहेब · मंगळवार, दुपारी ४:१५

खोडरबर काढा. पण पूर्ण खोडू नका, गोष्ट चांगली आहे.

२००६ मध्ये बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. मुख्य म्हणणं हेच होतं की समुद्रातली विविधता घटली की मासळी देण्याची, पाणी स्वच्छ ठेवण्याची, धक्क्यातून सावरण्याची क्षमता घटते. त्यात एक आलेख पुढे ओढून म्हटलं होतं की कल असाच राहिला तर २०४८ पर्यंत सगळे मासेमारीचे साठे कोसळतील. "कोसळतील" याचा अर्थ पकड कमाल पातळीच्या दहा टक्क्यांखाली. वर्तमानपत्रांनी "मासे संपणार" करून टाकलं. रे हिलबर्न नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं कडाडून टीका केली. मग जे झालं ते आपल्याकडे क्वचित होतं: दोघं एकत्र बसले, एकमेकांची आकडेवारी तपासली आणि २००९ मध्ये मिळून निबंध लिहिला. त्यात निघालं की जिथं मासेमारीवर नीट लगाम घातला तिथं साठे सावरताहेत, आणि अनेक ठिकाणी अजून सावरायचे आहेत.

खाजणकाठ · मंगळवार, सायं. ६:२०

लगामावरून: आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. पण डोलीच्या बारीक खोळीतून पिल्लं जातात ती बाकीचे दहा महिने. तुमच्या पेपरवरची बोंबलाची पिल्लं आठवा. कोळ्यांना कळत नाही असं नाही हो. माझे मामा म्हणतात, जाळ्याचा आस (भोक) मोठा केला तर जवळा निसटतो, आणि जवळ्यावर तर सुकटीचा धंदा. सोपं काही नाही यात.

तुरीचं_तास · मंगळवार, रात्री ८:०२

आमच्याकडे त्याले म्हणतात बियाण्याचं दळण करणं. करते कोणी हौसेनं?

तर्री_पोहे · बुधवार, सकाळी ९:१८

मी पहिल्या दिवशी मस्करी केली होती, आता कान पकडतो. काल आईनं सुकटीची चटणी केली. निवडताना मीच म्हटलं थांब, पेपर दे. सात ढिगुल्या निघाल्या राजेहो. आई म्हणे, पोट्टं बिघडलं.

एक सांगा गाळसाहेब, शिंपल्या-कालवांचं काही काम असते का? ते त नुसते बसून राहतात, माझ्यासारखे.

गाळसाहेब · बुधवार, सकाळी ११:००

बसून राहतात, पण पाणी गाळतात. एक मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला दोनशे लिटरच्या जवळपास पाणी गाळू शकतं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात पूर्वी इतकी कालवं होती की अंदाजे आठवड्याच्या आत ती सगळ्या उपसागराचं पाणी एकदा गाळून काढत. कालवं काढून काढून इतकी उरली की त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागावं, असा १९८८ मधला अंदाज. पाणी गढूळ झालं, तळाशी उजेड पोचेना, समुद्रगवत मागे हटलं. बसून राहणाऱ्यांनाही पगार द्यावा लागतो तो असा.

मीठभाकर · शनिवार, रात्री १०:१०

धागाकर्ती हजर. उशीर झाला, माफी.

प्रकल्प झाला. अकरा ढिगुल्या रिकाम्या औषधाच्या डब्यांत, प्रत्येकाखाली नाव नाही, काम लिहिलंय: "खातो", "खाल्ला जातो", "चिखल उकरतो", "पाणी गाळतो". दोन न ओळखलेल्या माशांखाली नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलंय, बाईंनी काही लिही म्हटलं तरी लिहिलं नाही. नाग नदीपासून कोरिंगापर्यंतची रेघ निळ्या लोकरीनं चिकटवली. २०४८ खोडून दोन शास्त्रज्ञांचं भांडण आणि निबंध घातला. वर्गात वास सुटला म्हणून प्रकल्प खिडकीत ठेवायला लावला, ते सोडा.

आज ती म्हणाली, अजून एका दुकानाची सुकट आणू, तुलना करू. गेलो. दुकानदारानं दोन पोती दाखवली. एक आपली नेहमीची. दुसरी एकदम एकसारखी, गुलाबीसर, काडी नाही, खेकडा नाही, काही नाही. ती किलोला चाळीस रुपये महाग. लेक म्हणाली, काका, यात बाकीचे का नाहीत?

"साफ माल आहे बेटा," ते म्हणाले. "निवडूनच येतो."

तिनं मूठभर हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत पोत्यात टाकली. आम्ही नेहमीचीच पाव किलो घेतली. आत्ता गॅलरीत पेपर पसरलाय, नऊवर आहे, अजून निम्मी बाकी.